युनिटच्या सुरातला बँड

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत नू-मेटलचा, म्हणजे जड गिटार आणि आरडाओरड्याचा बँड निघाला, याचं सगळं श्रेय वीज केंद्राच्या घरघरीला. आमच्या गच्चीवर ड्रमर जीव खाऊन बडवायचा, गायक घसा खरवडून ओरडायचा आणि खाली उतरलो की शेजारच्या काकू विचारायच्या, "आज तुह्ये मित्र नाही आले काय गा?"

ती घरघर आमचा तंबोराही होती. मोबाइलमध्ये ट्यूनर होता, पण तो उघडतो कोण? गिटारची जाड तार ढिली करत न्यायची, घरघरीत विरघळली की लागला सूर. नू-मेटलला असाच जड, खालचा आवाज लागतो, त्यामुळे आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो.

मग केंद्राचं आमच्या बाजूचं युनिट दुरुस्तीसाठी बंद झालं, घरघर थांबली आणि कॉलनीने आम्हाला पहिल्यांदा ऐकलं. काकू तक्रार घेऊन आईकडे आल्या. आईची झोप आधीच उडाली होती, कारण इतक्या वर्षांच्या सवयीने तिला त्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे. आम्ही तेव्हा एका बँड स्पर्धेत नाव दिलं होतं. "स्पर्धेत मी स्वतः ऐकीन," ती म्हणाली. "पटलं तं ठीक, नाही तं गिटार माळ्यावर."

स्पर्धा नागपुरात होती. नू-मेटलमध्ये डीजेही लागतो; सीताबर्डीचा एक आम्हाला ऐनवेळी येऊन मिळाला होता. त्याच्यासोबतचा सगळा सराव फोनवर झाला आणि फोनवर जाड तारेचा सूर कळतच नाही, त्यामुळे सगळं झकास वाटलं. स्टेजवर त्याने पहिला तुकडा सोडला, मी पहिली तार छेडली आणि दोन्ही सूर एकमेकांवर आपटले. त्याचा सूर जगाचा होता, आमचा युनिटचा.

"काय वाजवून राहिला बे?" डीजे दात ओठ खात म्हणाला.

गायक आमच्यात सगळ्यात गरीब स्वभावाचा पोरगा. त्याने ओरडता ओरडता शांतपणे डीजेची वायर काढून टाकली. डीजे बिचारा उरलेलं गाणं नुसते हातवारे करत राहिला. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या, आणि आम्ही पुढच्या फेरीत गेलो.

पण मी आईकडे बघत होतो. पहिल्या रांगेत लोक कानात बोटं घालून बसले होते आणि ती सोबत आलेल्या काकूंच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. काकूही झोपल्या होत्या. इतका कंटाळा? मला रडू येत होतं. घरी आल्यावर गिटार मीच माळ्यावर ठेवलं. तिने सांगण्याआधी आपणच ठेवलेलं बरं, एवढाच माज शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने हाक मारली. ती पलंगावर आडवी होती, डोळे तारवटलेले. युनिट अजून बंदच होतं.

"काल किती दिवसांनी झोप लागली मले," ती म्हणाली. "ते गिटार माळ्यावर काहून ठेवलं? आण इकडं. वाजव ना गा थोडं."

मी पलंगाशी बसून जाड तार छेडत राहिलो. गायकही आला होता. त्याने दारातूनच खुणेने विचारलं, ओरडू का? मी मान हलवून नको म्हटलं. पण आई डोळे मिटूनच म्हणाली, "ओरडू दे त्याले. आतापर्यंत झोप लागलीच असती मले."