लांब केसांचा तारा

सकाळी कंगव्यात एक लांब केस सापडला. माझे केस खांद्यापर्यंतच, म्हणजे हा ऊर्मीचा. खगोलशास्त्र शिकायला परदेशी गेलेली माझी लेक दिवाळीला आठ दिवस येऊन गेली. या खेपेला निघताना परत कधी येणार, ते काही बोलली नाही.

तिनेच एकदा सांगितलं होतं, "आई, कॉमेट हा मूळचा ग्रीक शब्द. लांब केसांचा तारा." आपल्या लोकांना त्यात शेंडी दिसली, त्यांनी शेंडेनक्षत्र म्हटलं. त्या ग्रीक माणसाला मात्र आभाळभर मोकळे सोडलेले केस दिसले. मला वाटतं, त्याच्याही घरातून कुणीतरी वेणी न घालताच घाईघाईने निघून गेलं असणार. काही धूमकेतू ठरल्या वेळी परत येतात, काही एकदाच दिसतात, हेही तिनेच सांगितलेलं.

तेवढ्यात केसांवर भांडी देणारी बाई दारात आली. "ताई, गुंतवळ हाय का?"

साठवलेली पिशवी मी तिच्या हातात दिली. तिची नजर माझ्या बोटाला गुंडाळलेल्या केसावर गेली. "आन् त्यो?"

"तो राहू दे," मी म्हणाले.