आशिषच्या खाटेभोवती पिवळी हेल्मेटं

मुळात मी मेसेजच चुकीच्या ग्रुपवर टाकला. चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर जायचा, तो गेला कंपनीच्या ‘सेकंड शिफ्ट, लाइन दोन’वर. चष्मा घरी राहिलेला, कंपनीची बस खड्ड्यात आणि डोळ्यांत पाणी... कारणं तीन, पण गाढवपणा माझा एकट्याचा. मेसेज असा होता — ‘आशिषला मलेरिया. ताप मेंदूत गेलाय, शुद्ध नाही. सर्वांनी प्रार्थना करावी.’

पेपरातल्या अशा कॉलममधले चमत्काराचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. आम्ही ख्रिस्ती, रविवारची उपासना चुकवत नाही, प्रार्थनेवर विश्वास आहे. पण कुणी ‘मला दिसलं’ म्हणालं की मी त्याला आधी बीपी तपासायला सांगतो. चाकणला मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढलीत. मशीन बंद पडलं की कारण सापडतंच, यावरही माझी तितकीच श्रद्धा.

आशिष आमचा एकुलता एक, वय तेवीस. वर्षभरासाठी मिशनरी म्हणून आफ्रिकेत, मलावीला गेलेला. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचा. सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या मनात नव्हतं. “आपल्या काळेवाडीत सेवेला जागा उरली नाही का?” असं ती विचारायची. मीच छाती फुगवून त्याला धाडलं, वर चर्चमध्ये माइक धरून त्याच्या सेवेबद्दल पंचवीस मिनिटं साक्ष दिली. आणि सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांचा फोन — आज ताप उतरला नाही तर... पुढचं ते बोललेच नाहीत. सुनंदाही मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या बहिणीला तिच्याजवळ बसवून मी ड्युटीला पळालो. हो, पळालोच.

आमच्याकडे शॉपवर, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, मोबाइल नेता येत नाही, गेटवरच लॉकरमध्ये ठेवायचा. पण सगळ्यांनी मेसेज बसमध्येच वाचला होता. तीन वाजता शिफ्ट लागली. रोजच्यासारखे अठराजण पिवळी हेल्मेटं घेऊन शपथेसाठी गोल उभे राहिले. आमचे लाइन लीडर शिंदे, परभणीचे, देहाने भरभक्कम. ते गंभीर आवाजात म्हणाले, “साळवेभाऊंच्या मुलासाठी सगळ्यांनी दोन मिनिटं मौन पाळायचं.”

“अहो शिंदे!” मी ओरडलोच, “मौन गेलेल्यांसाठी असतं. पोरगं जिवंत आहे माझं!”

शिंदे गोरेमोरे झाले. “चुकलं भाऊ. पण मग काय करावं? तुमची प्रार्थना आमाला येत न्हाई. आमाला सगळ्यांना पाठ एकच... सेफ्टीची शपथ.”

“मग तीच घेऊ की,” आमचे वेल्डर पठाणभाई म्हणाले. “सुरक्षेचीच तर आहे.”

शिंदे त्यांच्यावर खेकसले, “तुमी आधी हेल्मेट डोक्यावर घाला! काखेत काय कलिंगड धरलंय?”

“पट्टा तुटलाय हो, आत्ताच.”

तर अठराजणांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली — मी माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेईन — आणि शिंद्यांनी शेवटी जोडलं, “आणि साळवेभाऊंच्या आशिषच्याबी.” सगळे म्हणाले, “आशिषच्याबी.” मला हसू आलं आणि रडूही. घड्याळ बघितलं, तीन वाजून दहा.

सातच्या सुट्टीत लॉकर उघडला. सुनंदाचे अकरा मिस्ड कॉल. पठाणभाईंनी माझ्या हातातून मोबाइल घेऊन फोन लावला, कानाला धरला आणि म्हणाले, “ताप उतरला. शुद्धीवर आलाय.” तिकडची वेळ साडेतीन तास मागे. आशिषला घाम फुटून ताप उतरला तो तिकडच्या बाराच्या जरा आधी, म्हणजे आपल्याकडे सव्वातीनच्या आसपास.

इथपर्यंत ठीक. औषध लागू पडलं, मी समजू शकतो.

चार दिवसांनी आशिषने व्हिडिओ कॉल केला. गाल बसलेले, पण हसत होता. “पप्पा, तापात फार गंमत दिसली. खाटेभोवती पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं गोल उभी. सगळ्यांचा उजवा हात माझ्याकडे.”

शपथेचं मी घरी कधीतरी सांगितलं असणार, म्हणून मी मान डोलावली.

“एका काकांनी मात्र हेल्मेट काखेत धरलेलं. आणि एक जाडे काका त्यांना सॉलिड झापत होते!”

पट्ट्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सुनंदालासुद्धा नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही. आशिषने आमचा शॉप आयुष्यात बघितलेला नाही, पठाणभाईंनाही नाही. बावीस वर्षांत कारण न सापडलेला हा माझा पहिला बिघाड... ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये लिहायची सोय असती तर लिहिला असता.

फोन ठेवल्यावर मी सुनंदाला पट्टा, काख, कलिंगड सगळं सांगितलं. हे कसं शक्य आहे, म्हणत खोलीभर फेऱ्या मारत होतो. डॉक्टरांच्या त्या फोननंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली.

“कसं ते तुम्ही शोधत बसा. माझ्या लेकाभोवती अठरा माणसं उभी राहिली, आणि तुम्ही त्यांना साधा चहा तरी विचारलात का? रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवा. कोंबडी पठाणभाईंना चालते त्या, हलालच्या दुकानातूनच आणा... आणि शाकाहारी कितीजण आहेत, ते नीट विचारून या!”