काट्याले इंग्रजी येत नाही

"म्हाताऱ्यानंच उलटी बसवली असंल. आता कोणाले विचारता?"

मनीषनगरातल्या नव्या इमारतीच्या पॅनल रूमबाहेर साइट इंजिनिअर फोनवर बोलत होते. मी दारातच थांबले. सुधाकरकाकांना जाऊन तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते. ट्रान्सफॉर्मरवर लोड आला की रिले ट्रिप होऊन वीज तोडत होता. एक सीटी उलटी होती, आणि शेवटच्या टेस्ट रिपोर्टवर काकांची सही होती.

काका आमच्या टेस्टिंग टीममधले सगळ्यात जुने टेक्निशियन. उमरेडच्या विणकर घरातले. घरचा हातमाग थांबला तेव्हा वायरमनचं काम शिकले. सीटी म्हणजे केबलभोवतीची कडी, मोठा करंट लहान करून रिलेला देणारी. तिचं तोंड कुठे आहे, हे काका छापील खुणेवरून कधी मानत नसत. कडीतून एक वायर ओवायची, तिला टॉर्चचा सेल क्षणभर टेकवायचा. कडीला जोडलेल्या मीटरचा काटा उजवीकडे उडाला की बरोबर. पहिल्याच दिवशी मी "लेफ्ट" म्हणाले... सेल काढताना काटा उलटा उडतो, मी तोच पाहिला होता.

"लावतानीचा पाहा वं, काढतानीचा नाही."

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले.

"काट्याले इंग्रजी येत नाही. मोठ्यानं सांग."

मला राग आला होता. मी कमी बोलते म्हणून शाळेत, ऑफिसात सगळे मला सोडून देत. काका सोडत नसत. त्यांना प्रेमळ वगैरे म्हणून आठवणं मला आजही जमत नाही...

या इमारतीतली टेस्ट आम्हीच केली होती. सेल त्यांच्या हातात, काटा माझ्यासमोर.

सप्लाय बंद असल्याची खात्री करून मी पॅनल उघडलं. टेस्ट झाली की काका प्रत्येक सीटीवर लाल मार्करने ट्रान्सफॉर्मरच्या दिशेला बाण काढत. दोन बाण जागेवर होते. तिसरा नेमका उलटा. त्याच कडीतली केबल नवी कोरी होती. तिच्या टॅगवरची तारीख काका दवाखान्यात होते तेव्हाची.

साइट इंजिनिअर मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, काहून लांबवून राहिल्या? माणूस तर गेला. त्याच्या नावावर टाका, विषय संपला."

मी त्या उलट्या बाणावर बोट ठेवलं.

"नाही टाकणार," मी म्हणाले. "काकांनी तपासलेली सीटी तुमच्या लोकांनी काढली, परत बसवली आणि तपासली नाही. मी रिपोर्टात हेच लिहिणार आहे. खाली सही माझी असेल."