उणे बावीसमधला ट्रक

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून थंडीची एवढी काळजी वाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये माझ्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकांनी जन्मभर बँकेत नोकरी केली, पण जीव जडवला तो परदेशी लष्करांनी मोडीत काढलेल्या ट्रकांवर. तेही ट्रकांच्या रुबाबावर नाही, तर कडाक्याच्या थंडीत ते सुरू कसे होतात यावर. कुठल्या देशाच्या ट्रकला इंजिन तापवायची वेगळी शेगडी असते, कुठल्याच्या ब्रेकच्या नळ्यांत बर्फ धरतो, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र कायम एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने फिरले. पुण्यात काढलेला गाडीचा परवाना कधीच बाद झाला होता.

लिफ्टमध्ये भेटले की घाम पुसत म्हणायचे, "अगं, उणे वीसला साधं डिझेल साजूक तुपासारखं थिजतं, माहितीये?" ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला त्यांनी औषधाच्या बाटलीत डिझेल भरून फ्रीजरमध्ये ठेवलं, नेमकं काकूंच्या खवलेल्या नारळाशेजारी. त्या गणपतीतले मोदक आम्ही सगळ्यांनी प्रसाद म्हणून निमूटपणे गिळले. "बूच नीट बसलं नव्हतं," एवढंच काका म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन वाढून घेतले.

स्वीडनच्या उत्तरेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे तिथल्या लष्कराचा जुना सहाचाकी ट्रक होता. काकांचा त्याच्याशी वर्षानुवर्षं ईमेल चाले. गेल्या हिवाळ्यात त्यानं कळवलं, की आता गुडघे साथ देत नाहीत, ट्रक भंगारात जाणार. काकांनी तडक तिकीट काढलं. एकदाच, खऱ्या थंडीत, तो आपल्या हातानं सुरू करायचा, एवढीच त्यांची इच्छा. सरावासाठी ते हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर बर्फाच्या कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, ग्लास बोटं बधिर होईपर्यंत धरून बसू लागले. आणि निघायच्या आठवडाभर आधी हृदयानं घात केला. डॉक्टरांनी थंडीत जायला सक्त मनाई केली. त्यानंतर काका लिफ्टमध्येही गप्प असत. मला ते फार लागलं.

त्याच महिन्यात ऑफिसच्या कामानं मी स्टॉकहोमला जाणार होते. दोन दिवसांची रजा जोडून रेल्वेनं उत्तरेला त्या शेतकऱ्याकडे गेले.

सकाळचे दहा, उणे बावीस. शेतकऱ्यानं मला ट्रकच्या उंच सीटवर चढवलं, मी व्हिडिओ कॉल लावून फोन समोर उभा केला. पासिर रिसमध्ये संध्याकाळ होती. काका लोकरीची कानटोपी घालून बसले होते, शेजारी काकू.

"आधी शेगडी. अर्धा तास. घाई करू नकोस." मग म्हणाले, "आता क्लच पूर्ण दाब. गिअरचं तेल घट्ट झालंय, त्याचा भार इंजिनावर नको."

मी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. थंडीनं बधिर झालेला माझा पाय क्लचवरून निसटला होता. मला रडू यायचं बाकी होतं.

"पुन्हा," काका म्हणाले. "दोन्ही पाय ठेव."

या वेळी ट्रक सगळं अंग हलवत धडधडत सुरू झाला. उठून काकांनी पंखा बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

"बंद करू का?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"लगेच नको गं. गरम होऊ दे त्याला."

त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. "अहो, टोपी तरी काढा," काकू म्हणाल्या.

"ती तिकडे गारठलीये," काका म्हणाले, "मी कशी काढू?"

मी आणखी अर्धा तास ट्रक चालू ठेवला.