रथाच्या पुढे चालणारा वायरमन

आमच्या गावचा बालाजीचा रथ सागवानी आहे. चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी मोठी आणि कळस दुमजली माडीच्याही वर. आश्विनातल्या एकादशीला दुपारी तो देवळापासून निघतो आणि दिवेलागणीपर्यंत गाव फिरून परत येतो. दोनशे माणसं दोर ओढतात. रथाला ना लगाम, ना ब्रेक. वळवायचा असो की थांबवायचा, चाकाखाली लाकडी मोगरी सारूनच. पुढच्या चाकाची मोगरी तोताराम सुताराच्या घराण्याकडे होती.

गावात वीज आली त्या साली मोठा वाद झाला होता म्हणतात. तारा गल्ल्यांवरून आडव्या गेलेल्या, रथ जाणार कसा? कुणी म्हणालं, कळस काढून ठेवू. कुणी म्हणालं, वरचा एक मजला कमी करू. जुनी माणसं ऐकेनात. शेवटी ठरलं की रथ आहे तसाच राहील, त्या दिवसापुरत्या तारा खाली येतील. तेव्हापासून रथाच्या पुढे वाजंत्री, वाजंत्रीच्या पुढे लेझीम आणि सगळ्यांच्या पुढे वीज मंडळाचा वायरमन, अशी मिरवणूक निघू लागली.

आधार बैसाणे १९८३ साली वायरमन म्हणून बदली होऊन आमच्याकडे आला. मूळचा शिंदखेड्याजवळचा. अंगाने काटक, बोलायला कमी. बायको पुष्पाबाई आणि दोन मुली. बौद्धवाड्यात भाड्याची खोली, खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. पहिल्या वर्षी एकादशीच्या आठ दिवस आधी तो एकटाच सगळा रस्ता पायी फिरला. कुठली तार कुठे आडवी येते, किती लोंबते, कुठल्या भिंतीला बांधलेली आहे, सगळं बघून घेतलं. अकरा ठिकाणं निघाली. दिवसभर गाव अंधारात ठेवायचं नाही म्हणून त्याने नवी पद्धत बसवली. एका वेळी एकाच गल्लीची वीज बंद करायची, टेस्ट-लॅम्प लावून तार मेली आहे ना ते पाहायचं, मग ती सोडायची. रथ पुढे सरकला की पुन्हा बांधायची.

अकरावं ठिकाण द्रौपदाबाईंच्या घरापाशी होतं. गल्ली तिथे अरुंद होते आणि तार त्यांच्या माडीच्या कठड्याला बांधलेली. पहिल्या वर्षी आधार शिडी घेऊन दारात उभा राहिला आणि माडीवर जाऊ का म्हणाला. द्रौपदाबाईंनी विचारलं, "भाऊ, तुमनं आडनाव काय?"

"बैसाणे."

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "मंग शिडी बाहेरथीन लाव भाऊ. घरमा देवनी तयारी शे."

आधारने शिडी बाहेरून लावली. खाली गटार, त्यामुळे शिडीचा एक पाय फरशीवर आणि दुसरा दगडावर. वर गेल्यावर एका हाताने कठडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने गाठ सोडायची. त्याने तक्रार केली नाही. पुढची पाच वर्षं त्याने विचारलंही नाही, सरळ बाहेरून शिडी लावायचा.

रथ परतला की गिरधरनाना, म्हणजे रथाच्या कमिटीचे अध्यक्ष, मानकऱ्यांना नारळ आणि उपरणं देत. मोगरीवाले, दोरवाले, वाजंत्री, पाणी शिंपणारे, सगळ्यांची नावं पुकारली जात. आधार त्या वेळी मागच्या गल्लीत तारा बांधत असायचा. त्याचं नाव यादीत नव्हतं, आणि ते नाही हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्याच्या वाड्यातले लोक मात्र त्याला टोचत. एकदा त्याचा चुलत भाऊ यादव म्हणाला, "त्यासना रथ, तू कसाले जीव घालस?"

"रथ त्यासना शे," आधार म्हणाला, "पण तार मनी शे. तिना खाले कोणी मरी ग्या ते कोणले इचारतीन?"

१९८९ साली ते घडलं. त्या वर्षी बाजारगल्लीतल्या एका कापड दुकानदाराने रोषणाईसाठी भाड्याने जनरेटर आणला होता. वीज मंडळाची लाईन न तोडताच त्याने तो दुकानाच्या बोर्डाला जोडला. असं केलं की करंट उलटा रस्त्यावरच्या तारेत जातो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं. द्रौपदाबाईंची गल्ली आणि बाजारगल्ली एकाच लाईनवर होत्या. द्रौपदाबाईंच्या घरापाशी आधारने ती लाईन बंद केली, टेस्ट-लॅम्प लावून पाहिला. तार मेलेली. तो शिडीवर चढला. गाठ घट्ट बसली होती, म्हणून त्याने उजव्या हाताचा रबरी मोजा काढला. रथ मागे पन्नास पावलांवर आला होता. गाठ सुटली आणि नेमका त्याच वेळी बाजारगल्लीत जनरेटर सुरू झाला.

झटक्याने आधार शिडीवरून फेकला गेला. खाली गटाराच्या काठावर पडला. तार सुटून गल्लीत कमरेएवढ्या उंचीवर लोंबत राहिली. त्याला उठता येईना. तसाच पडल्या पडल्या तो ओरडला, "तार जित्ती शे! कोणी पुढे येऊ नका!"

ढोल-ताशांत त्याचा आवाज बुडाला. पण तोतारामने त्याला पडताना पाहिलं होतं. त्याने चाकाखाली मोगरी सारली आणि वरून पाय दिला. पलीकडच्यानेही सारली. रथ करकरत थांबला, दोर ताणले गेले आणि ओढणारी दोनशे माणसं जागच्या जागी अडली, तशी पुढची वाजंत्री आणि लेझीमही थांबली. सगळ्यात पुढचा माणूस तारेपासून चार हातांवर होता.

माणसं बाजारगल्लीकडे पळाली, जनरेटर बंद झाला. आधारच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तळहात काळा पडला होता. त्याला कुठे ठेवावं म्हणून लोक इकडेतिकडे बघत असताना द्रौपदाबाई दारात आल्या. "आत आणा त्याले," त्या म्हणाल्या. कुणीतरी घुटमळलं, तशा त्या ओरडल्या, "आणा म्हनस ना!" देवघरासमोरच्या पलंगावर त्याला निजवलं. जीप येईपर्यंत त्या उशाशी बसून होत्या. त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर, माडीवर जाणारा जिना होता.

धुळ्याच्या दवाखान्यात तो दोन महिने होता. तोताराम दर रविवारी एसटीने जायचा. एका रविवारी गिरधरनानाही नारळ, उपरणं आणि शाल घेऊन गेले.

"आधार, आमची चूक झाली रे," नाना म्हणाले. "एवढ्या वर्षांत तुझं नाव कधी घेतलं नाही."

आधारने शाल पुष्पाबाईकडे दिली. मग म्हणाला, "नाना, नाव घ्या, नाहीतर नका घेऊ. पण वायरमनला विचारल्याशिवाय गावात जनरेटर लागणार नाही, एवढं मिटिंगमधे ठरवा. माझ्या जागी उद्या दुसरा कोणी असेल."

तसं ठरलं. रथ निघण्याआधी तसं पुकारलं जाऊ लागलं आणि अजूनही पुकारतात.

पुढच्या वर्षी मंडळाच्या साहेबांनी त्याला ऑफिसातलं काम देऊ केलं. पुष्पाबाईंनी घ्या म्हणून हट्ट धरला, मुलींनीही धरला. पण त्याने ते घेतलं नाही आणि एकादशीला नव्या वायरमन पोराला बरोबर घेऊन, लंगडत, रथाच्या पुढे चालू लागला. पोराने द्रौपदाबाईंच्या घरापाशी शिडी टेकवली, तशा त्या बाहेर आल्या.

"आधारभाऊ, घरमाईन जा. जिना शे ना."

आधारने आपल्या पायांतल्या रबरी बुटांकडे पाहिलं. "बूट काढू का, अक्का?"

"ऱ्हाऊ दे. त्यावरच तुना जीव शे."

तो आतून वर गेला. मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, राग नाही आला? "आला ना," तो म्हणाला. "जिना चढतानाच जास्त आला. सोळाच पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी सात वर्षं मी बाहेर शिडीवर."

चार वर्षांनी त्याची शिंदखेड्याला बदली झाली आणि तिथूनच तो निवृत्त झाला. दोन खोल्या बांधल्या, एक म्हैस घेतली. ९८ साली कमिटीने त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. तो आणि पुष्पाबाई आले. भाषण सुरू व्हायच्या आत तो व्यासपीठावरून उतरला. तोतारामची नजर अधू झाली होती, मोगरी आता पुतण्याच्या हातात होती. दोघं हॉटेलाबाहेरच्या बाकावर बसले, पुष्पाबाईंनी शेवेची पुडी सोडली. रथ समोरून गेला तेव्हा तोताराम विचारत राहिला, आता कुठपर्यंत आला, आता वळला का, आणि आधार सांगत राहिला. म्हशीची धार काढायची होती, म्हणून ते पाचच्या गाडीने परत गेले.