डोंगरावरच्या सेक्रेटरीताई

बैठक संपली की आमच्या सेक्रेटरीताई कुणाच्या तोंडाकडं बघत नसत, चहाच्या ट्रेकडं बघत. लालबागच्या आमच्या चाळीत विरोध करायची एक रीत होती. समितीच्या बैठकीत उठून "मला हे मान्य नाही" असं कुणी म्हणत नसे. रोज एकाच नळावर पाणी भरायचं, तर चारचौघांत शेजाऱ्याचं म्हणणं खोडायचं कसं, ही भीड. ज्याला पटलेलं नसे तो गप्प बसून राही आणि चहा न घेता घरी जाई. ताई भरलेले पेले बघत, कोण निघून गेलं ते ध्यानात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या दारात हजर होत. "काल चहा राहिला तुमचा. आता मला पाजा आणि बोला." ठराव वहीत जायचा तो त्यानंतर.

पोटासाठी त्या एका विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासत आणि उरलेला जीव चाळीला देत. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. माझे वडील गिरणीच्या युनियनमध्ये होते आणि आमच्या कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती, त्यामुळं ते आपल्याला जन्मतःच येतं असा माझा समज होता. चाळीच्या पुनर्विकासावरच्या माझ्या पहिल्या पत्रकात मी 'भांडवलशाहीचा राक्षस' घातला होता. ताईंनी चष्मा वर केला. "कुठल्या खोलीत राहतो हा? पत्ता नसेल तर काढून टाक." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राक्षस काढला आणि बिल्डरनं कुठलं आश्वासन पाळलं नाही ते लिहिलं. ते पत्रक लोकांनी घडी घालून जपून ठेवलं.

मग बाजूच्या बंद गिरणीच्या जागेवर टॉवर चढू लागला आणि त्याची धूळ आमच्या गॅलऱ्यांत उतरली. ताईंना दम्याचे झटके यायला लागले. एकदा त्या जिन्यातच बसल्या आणि ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिलेली होतीच. एका मैत्रिणीनं हिमाचलातल्या लहानशा गावात खोली बघून दिली. ताई जायला तयार नव्हत्या. चाळीतले सर्वांत जुने सभासद तावडेमामा त्यांना म्हणाले, "बाय, तू आधी जिवंत रव. चाळ काय पळून जाता?"

"चाळ पळून जात नाही मामा, पाडतात तिला," असं म्हणून ताई गेल्या.

तिथून त्या सकाळी दावे तपासत आणि दुपारी फोनवर चाळ चालवत. वीज गेली की दोन्ही बंद. त्यांच्या खिडकीत देवदार होते, समोर बर्फाचा डोंगर होता. लोक असल्या खिडकीचे फोटो टाकतात आणि खाली 'स्वातंत्र्य' असं लिहितात. ताई मला म्हणाल्या होत्या, "इथं श्वास येतो गं. पण आपल्याकडं पाणी यायची वेळ झाली की मला जाग येते. उठून बसते आणि मग करायला काही नसतं." तावडेमामा चिडवत, "आमची सेक्रेटरी आता डोंगरावरची देवी झाली. आपण खालून नवस बोलायचे." फोनवर ताई हसत, पण जरा उशिरानं. ते नेटवर्कमुळं की आणखी कशामुळं, हे कळत नसे.

बिल्डरशी करार व्हायची वेळ आली. कराराला जोडलेल्या यादीत तळमजल्यावरच्या मागच्या सात खोल्यांची नावं नव्हती. त्या खोल्यांच्या भाडेपावत्या गावी परतलेल्या किंवा वारलेल्या माणसांच्या नावावर होत्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, आत्ता सही करा, या सात जणांची पुरवणी यादी नंतर जोडू. ताईंनी फोनवर व्हिडिओ लावून बैठक घेतली. फोन धरायचं काम माझ्याकडं होतं. त्यात पुढच्या दोन रांगा दिसत, मागची माणसं दिसत नसत, आणि मागं बसायची सवय मागच्या खोलीवाल्यांनाच होती.

"पुरवणी यादी नंतर. कुणाची हरकत?" ताईंनी तीनदा विचारलं.

कुणी बोललं नाही. ठराव झाला. चहा आला तेव्हा गावडेकाकी उठल्या. मागच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. पदर सावरत त्या पेल्याला हात न लावता दाराबाहेर गेल्या. मी ते पाहिलं. फोन माझ्या हातात होता, ताई अजून बोलत होत्या, आणि मला वाटलं, त्यांचे गुडघे दुखत असतील.

करारावर सह्या झाल्या, पुरवणी यादी आली नाही. खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा मात्र आल्या, त्या सातही खोल्यांना आल्या. नवी इमारत होईपर्यंत राहायच्या संक्रमण शिबिराच्या चाव्या बाकीच्यांना मिळाल्या.

मी पत्रक लिहिलं. बिल्डरला झोडपलं आणि मग लिहिलं, 'समितीकडूनही चूक झाली.' छापण्याआधी ताईंना फोनवर वाचून दाखवलं.

"समिती कोण?" त्या म्हणाल्या. "माझं नाव घाल."

"ताई, तुम्ही आजारी होतात."

"आजारी माणसानं पद सोडायचं असतं. मी सोडलं नाही. घाल नाव." मग त्यांनी विचारलं, "काकी चहा न घेता गेल्या होत्या?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग तुझंही घाल," एवढंच म्हणाल्या.

दोन्ही नावं घातली. पत्रक घेऊन मी आधी काकींकडं गेले. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी सगळं वाचून दाखवलं. आपण फार धाडसाचं काहीतरी केलंय असं मला वाटत होतं. काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझा नाव इला, तिचा नाव इला," त्या म्हणाल्या. "माझा खंय आसा?"

पत्रकात 'काही रहिवासी' असं होतं.

तिथूनच ताईंना फोन लावला आणि काकींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग त्या म्हणाल्या, "लिहून घे." आणि सांगायला लागल्या. सुलोचना गंगाराम गावडे, गाव कोणतं, खोलीत कुठल्या वर्षी आल्या, नवरा गिरणीत कुठल्या खात्यात होता, पावती कुणाच्या नावावर आणि का. मग पुढची खोली, मग त्यापुढची. समोर एकही कागद नसताना सातही घरं त्यांनी माणसांसकट सांगितली. मध्ये दोनदा धाप लागली, तेव्हा मी नंतर लिहिते म्हटलं.

"नंतर नाही," त्या म्हणाल्या. "पाचवी खोली. लिही."