उभं पाणी

पाणी दिसलं की त्यात कोपर बुडवायचं, ही त्यांची सवय. आमच्या पिंगळी स्टेशनातल्या रांजणातही त्यांनी ते बुडवलं. मी तिथला पार्सलबाबू. "अहो, प्यायचं आहे ते," म्हणून खेकसलो.

ते शांतपणे म्हणाले, "गार हाय. पन उभं हाय."

हे गृहस्थ मूळचे इकडच्याच वालूरचे. तरुणपणी कुण्या साहेबाबरोबर नीलगिरीत गेले, तिथं ट्राउट नावाचे थंड पाण्यातले मासे पाळायला शिकले, संसारही तिथंच मांडला. आमच्या जहागीरदारांनी तिकडे डोंगरात तो मासा खाल्ला आणि तो आपल्या बारवेत असावा असं त्यांच्या मनानं घेतलं. बारवेच्या पाण्यानं दात शिवशिवतात, मग अडचण ती काय? थंडीत बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यांतून जिवंत मासे आले, त्यांच्याबरोबर हेही आले. हुकूम झाला, एक मासा जिवंत असेपर्यंत इथून हलायचं नाही. एकदा ते न सांगता निघाले, तर जहागिरीच्या शिपायानं माझ्यादेखत त्यांना प्लॅटफॉर्मवरून परत नेलं.

मी मासे बघायला गेलो. तुम्हीही गेला असता. अंगभर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा, असे देखणे मासे भिंतीच्या कडेनं नुसते फिरत होते.

"ह्यो मासा धारंकडं तोंड करून उभा ऱ्हातो, बाबू. वाहत आलेली किडामुंगी खातो. हितं धारच न्हाई. तोंड कुनीकडं करावं त्येनं?"

मग त्यांनी मोट लावून घेतली. वर ओढलेलं पाणी पायऱ्यांवरून पुन्हा आत सोडलं. जरा वेळानं सगळे मासे त्या पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा हा माणूस हसला. एरवी मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

फाल्गुनात पाणी कोमट झालं आणि मासे मरायला लागले. चैत्रात एकच उरला. तिकडे नीलगिरीत त्यांची बायको आणि मुलगी वाट बघत होत्या. मी म्हणालो, "मोट बंद ठेवा. कुणाला कळतंय? सुटाल."

"मी सुटीन की," ते म्हणाले. "त्येनं कुटं जावं?"

मला रागच आला. वीतभर माशापायी माणसानं असं अडकून पडावं? बैल दुपारी सावलीला बांधले की हे स्वतः घागरीनं पायऱ्यांवर पाणी ओतत बसायचे.

वैशाखात एका सकाळी ते बोचकं घेऊन स्टेशनात आले. शिपाई बरोबर होता, पण या वेळी पोचवायला. त्यांचे डोळे सुजले होते. मासा गेला, हे मी ओळखलं. माणूस सुटला म्हणून आनंद व्हायचा, तर मलाही त्या माशाचं वाईट वाटलं.

गाडी आली. चढण्याआधी त्यांनी रांजणात कोपर बुडवलं. मी खेकसलो नाही.

"गार हाय," ते म्हणाले.

पुढचं ऐकायला मी थांबलो होतो. तेवढ्यात गाडी हलली. ते घाईनं चढले आणि इंजिनाकडे तोंड करून दारातच उभे राहिले.